सीए १९-९ यास, कागलहून

सीए १९-९ यास,

गेलं वर्षभर आमच्या घरात रोज तुझं नाव निघतं. आप्पांच्या पित्तनलिकेच्या कर्करोगाची फाईल आता एका पिशवीत मावत नाही. तिच्या पहिल्या पानावर मी एक तक्ता आखलाय. त्यात तीन रकाने आहेत: तारीख, काविळीचं प्रमाण दाखवणारं बिलिरुबिन, आणि कर्करोगावर नजर ठेवायला रक्तातून मोजतात तो तू. या तिसऱ्या रकान्यावर आम्ही फार भार टाकला. त्यातला तुला पेलतो किती, हे कळायला मला आठ महिने लागले. कागलातली दुसरी कुठली लेक आत्ता असाच तक्ता आखत असेल, म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

सुरुवात खाजेपासून झाली. आप्पा रात्रभर अंग खाजवत बसायचे. मग डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली, शौचाला पांढुरकं. पोटात दुखणं मात्र अजिबात नाही. कावीळच म्हणून तीन आठवडे पथ्य आणि गावठी औषध चाललं. ते तीन आठवडे मला अजून टोचतात. कोल्हापुरात स्कॅन झाला तेव्हा बिलिरुबिन साडेचौदा होतं आणि तू १२४०. साधारण ३७ च्या आत असायला हवास.

दुर्बिणीतून पित्ताच्या वाटेत नळी घातली. महिन्याभरात डोळे निवळले आणि तू २६० वर आलास. केमोचा थेंबही अजून गेला नव्हता, तरी आईनं देवापुढं साखर ठेवली. रोग उतरतोय असंच आम्हाला वाटलं. मग डॉक्टरांनी समजावलं: पित्त तुंबलं की गाठ असो वा नसो, तू रक्तात चढतोस, आणि वाट मोकळी झाली की उतरतोस. तेव्हा १२४० हा आमचा पहिला आकडा नव्हेच. मोजणी २६० पासून सुरू करायची.

हे घरात सगळ्यांत आधी पटलं ते आप्पांना. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी तीस हंगाम काढलेत. ऊस तोडीला आला का हे बघायला ते फडात वेगवेगळ्या जागी ऊस मोडून घ्यायचे, शेंड्याचा आणि बुडख्याचा रस थेंबाथेंबानं रिफ्रॅक्टोमीटरवर धरून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, बघायचे. ते म्हणाले, "पाणी दिल्याल्या फडाचा ब्रिक्स कोण धरतंय व्हय? आनि एका उसावरनं तोड ठरवत न्हाईत." माझ्या आठ महिन्यांच्या वाचनातून मला जे कळलं, ते त्यांनी या दोन वाक्यांत सांगून टाकलं.

तूही मुळात साखरच आहेस, हे मला उशिरा कळलं. पेशींच्या अंगावरची एक साखरेची साखळी. १९७९ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हिलरी कोप्रोव्स्की यांच्या गटानं आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी उंदरांना टोचून प्रतिपिंडं बनवली. त्यातल्या एका प्रतिपिंडाचा क्रमांक तुला नाव म्हणून चिकटला. तुझा संबंध लुइस नावाच्या रक्तगटाशी आहे, आणि शंभरात पाच ते दहा माणसांचं शरीर तुला बनवूच शकत नाही. केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर निपाणीकडच्या एक मावशी होत्या. त्यांचा आकडा कायम २ च्या आत. "माझा तर नॉर्मलच हाय की," असं त्या आनंदानं सांगायच्या, आणि त्यांचा मुलगा खाली बघायचा. स्कॅनमध्ये गाठ वाढत होती.

आप्पांना जेमसिटाबिन आणि सिसप्लॅटिन चालू झालं. पहिल्या आणि आठव्या दिवशी सलाईनमधून, दर एकवीस दिवसांनी. ब्रिटनमधल्या ४१० रुग्णांवरच्या चाचणीनं २०१० मध्ये ही जोडी रूढ केली. तू उतरत गेलास: २६०, १९०, १४५. आणि पाचव्या फेरीच्या आधी एका रात्री साडेदहाला मोबाईलवर रिपोर्ट आला: ९१०, लाल अक्षरात, सोबत एक शब्द नाही. त्या रात्री आमच्या घरात कुणी बोललं नाही. आप्पांना दोन दिवस थंडी वाजून ताप येत होता, ते आम्ही हवेवर ढकललं होतं. खरं तर तापाकडंच आधी बघायला हवं होतं. नळी तुंबून पित्तात जंतू झाले होते, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. नळी बदलली, अँटिबायोटिक झालं, तीन आठवड्यांत तू १५० वर. स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच.

एकदा घाईत मी सॅम्पल दुसऱ्या लॅबमध्ये दिलं. त्याच आठवड्यात एकीकडे १४८, दुसरीकडे २०५. दोन्ही लॅब बरोबर होत्या. यंत्रं आणि किट वेगळी, म्हणून आकडा वेगळा. हे मला सॅम्पल देताना काउंटरवर कुणी सांगितलं असतं तर तीन रात्री झोप लागली असती.

तुझ्यापाठोपाठ आता नव्या तपासण्या येताहेत. गाठीच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात आणि काही तासांतच नाहीसे होतात, त्यामुळे ते आजची गोष्ट सांगतात. यकृताच्या आतल्या नळ्यांच्या कर्करोगात काहींना एफजीएफआर२ किंवा आयडीएच१ या जनुकांत बदल सापडतो, त्यावर नेमकी औषधं आहेत. एफजीएफआर२ वरचं औषध लागू पडेनासं झालं तर गाठीनं काढलेली नवी वाट कधी कधी रक्तातच दिसते. पण गाठ फारसे तुकडे सोडत नसेल तर ही तपासणीही रिकामी येते. शिवाय तिचा खर्च आमच्यासारख्या घराला झेपणारा नाही. आमच्या हाताशी तूच आहेस. म्हणून तुझ्यावर माझा राग नाही. तू खोटं बोलला नाहीस. आम्ही तुला एकट्यालाच विचारत राहिलो.

आता तक्त्याच्या वर मी तीन प्रश्न लिहिलेत: कावीळ आहे का? ताप आहे का? लॅब तीच का? तिन्हींची उत्तरं लिहिल्याशिवाय तुझा आकडा चढवत नाही, आणि एकाच आकड्यावर डॉक्टरांना फोनही करत नाही.

सोमवारी पुढचं सॅम्पल आहे. काल आप्पांनी फाईल मागून घेतली, पट्टी धरून चौथा रकाना स्वतः आखला आणि वर लिहिलं, 'वजन'. नळी बदलली तेव्हा ५१ होतं. काल सकाळी त्यांनी ५३ लिहिलं, आणि आईला भाकरी टाकायला सांगितली.