उघड्या मानेची गोदी

निफाड तालुक्यात थंडी आकड्यांत बोलली जाते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात सकाळी पारा नोंदवतात, तो पेपरात येतो आणि द्राक्षबागायतदार बाकीच्या बातम्यांआधी तो वाचतात. पाच अंशांच्या आसपास घसरला की रात्री बागाबागांत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. द्राक्षमण्यांना तडे जातील या धास्तीने गाव जागं होतं. माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे आत्याबाई म्हणतात, त्या गोदीसाठी जाग्या होत्या.

गोदी ही आमची कोंबडी. लासलगावच्या बाजारातून आत्याबाईंनी ती आणली तेव्हा तलंग होती, अजून अंड्यावर आलेली नव्हती. अंगाने काळी, पाठीवर तांबूस झाक, डोक्यावर पिसांची टोपी, आणि टोपीच्या खाली थेट छातीपर्यंत मान उघडी. लालभडक, सुरकुतलेली कातडी, पुढच्या बाजूला पिसांचा एकच झुपका. शेजारच्या बायकांना वाटलं, हिला काही रोग आहे. रोग नव्हता, जातच तशी. अशी उघड्या मानेची गावरान कोंबडी आपल्याकडे अधूनमधून दिसते. तिच्या बाकीच्या अंगावरही पिसं कमी असतात, त्यामुळे अंगातली ऊब पटकन बाहेर पडते. एप्रिल-मेच्या उन्हात बाकीच्या कोंबड्या चोच उघडून, पंख फाकवून धापा टाकत, तेव्हा गोदी शेवग्याच्या बुडाशी खुशाल माती उकरत असायची. उन्हाळ्यातही तिचं अंडं चुकत नसे. आत्याबाईंनी तिला निवडली ती एवढ्याचसाठी. पण उन्हाळ्यात जी मान तिच्या कामी यायची, तीच थंडीत तिचा कच्चा दुवा होती.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या वर असतं. आपल्याला तो कडक ताप वाटेल, तिचं ते रोजचं. बाहेर दोन अंश आणि आत एक्केचाळीस, एवढी तफावत ती रात्रभर सांभाळते ती पिसं फुलवून. पिसांच्या मधे अडकलेली हवा हीच तिची गोधडी. झोपताना ती आडव्या दांडीवर अशी बसते की पाय पोटाच्या पिसांत झाकले जावेत, आणि डोकं मागे वळवून पाठीच्या पिसांत खुपसते. गोदीही तेच करायची, पण मानेचा वळलेला भाग उघडाच राहायचा. पहाटे तिच्याकडे पाहिलं की त्या लाल कातडीवर बारीक काटा उभा राहिलेला स्पष्ट दिसे.

मी शहरातून लग्न होऊन आलेली. मला पहिल्यांदा सुचलं ते बल्ब लावणं आणि खुराड्याला चहूबाजूंनी प्लास्टिक बांधणं. गावात कित्येक जण तेच करतात. आत्याबाईंनी मला खुराड्यापाशी नेलं आणि पत्र्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवायला सांगितलं. बोट ओलं झालं. "ह्ये पाणी कुठून आलं सांग. कोंबड्यांच्या श्वासातून. समदं बंद केलं तर ह्ये त्यांच्या अंगावर गळतं. थंडीनं कोंबडी मरत न्हाई पोरी, वलीनं मरते."

मी ते वाक्य नंतर अनेक हिवाळे पारखून पाहिलं आहे आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला आहे. कोरडी पिसं फुलतात, ओली पिसं चिकटतात. चिकटलेल्या पिसांत हवा राहत नाही, मग एक्केचाळीस अंश टिकवायला कोंबडी रात्रभर स्वतःचं मांस जाळते. त्यात खाली साचलेल्या विष्ठेचा अमोनिया. सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर आपले डोळे चुरचुरले, तर रात्रभर त्या हवेत बसलेल्या पाखराच्या छातीचं काय झालं असेल? सर्दी, घरघर, डोळ्यांतून पाणी ही दुखणी तिथून सुरू होतात, आणि लोक म्हणतात थंडी बाधली.

म्हणून आमचं खुराडं वरच्या बाजूने, वळचणीखाली, वीतभर उघडं असायचं. उत्तरेकडून येणारा वारा अडवायला कोंबडी जिथे बसते त्या उंचीपर्यंत गोणपाट लावलेलं. पत्र्याच्या वर उसाच्या पाचटाचा जाड थर, त्यामुळे पत्रा एवढा गार पडत नसे आणि आतून घाम धरत नसे. खाली भुसकट. ते रोज दाताळ्याने हलवायचं, ओलं झालेलं काढायचं, कोरडं घालायचं. कोपऱ्यात चुलीतली चाळलेली राख, कोंबड्यांना तीत लोळता यावं, पिसवा मराव्यात म्हणून. या सगळ्याला खर्च काही नाही, पण रोज संध्याकाळी उठून करावं लागतं. कंटाळा केला की तिसऱ्या दिवशी वास येतो.

आणि मग दिवस मावळताना आत्याबाईंचं ते काम, जे मी कितीही वेळा पाहिलं तरी थांबून पाहायचे. एकेक कोंबडी आत जाताना त्या तिला अलगद धरायच्या आणि गळ्याखालची पिशवी चाचपायच्या. बोटांची टोकं पिसांतून आत जात, क्षणभर थांबत. पिशवी लिंबाएवढी, टणक भरलेली लागली की कोंबडी आत. पिचपिचीत लागली की तिला बाजूला घेऊन मूठभर मका. मका सावकाश पचतो, रात्रभर आतून ऊब देत राहतो. बाजरी सकाळी, मका तिन्हीसांजेला, हा त्यांचा नेम होता. गोदीची पिशवी त्या दोनदा बघत. तिच्या बाबतीत पिसं बाजूला सारायची गरजच नव्हती. उघड्या कातडीखाली दाण्यांचा आकारसुद्धा डोळ्यांना दिसायचा.

त्याच डिसेंबरात आमची शेळी, शेवंती, व्यायला झाली होती. शेवंती संगमनेरी, पांढरी, लांब कानांची. शेळीचं गाभणपण पाच महिन्यांचं. आत्याबाईंचा हिशोब असा की करडं संक्रांतीनंतर व्हावीत, पण बोकडाने तो मानला नव्हता. दोन अंशांच्या त्या आठवड्यात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, ती व्याली. दोन करडं. नवजात करडू ओलं असतं आणि त्याच्या अंगात ऊब धरून ठेवायला चरबी जवळजवळ नसते, तेव्हा पहिला तास निर्णायक. आत्याबाईंनी शेकलेल्या गोणपाटाने त्यांना खसाखसा पुसलं, नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं आणि दोघांची तोंडं धरून शेवंतीच्या सडाला लावली. चीक पोटात गेला की करडू आतून तापतं. धाकटं चोखत नव्हतं. त्याच्या तोंडात बोट घातलं तर तोंड आतून गार. आत्याबाईंनी ते सरळ पदराखाली, पोटाशी घेतलं आणि शेकोटीजवळ बसून राहिल्या. तांबडं फुटलं तेव्हा त्याने पहिल्यांदा बोट चोखलं.

त्या धांदलीत खुराड्याचं दार उघडं राहिलं होतं. सकाळी गोदी दांडीवर नव्हती. मुंगसाने नेली असं वाटून माझ्या पोटात गोळा आला. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर, त्यामुळे रात्रीचं उघडं दार म्हणजे जिवाला घोर. ती सापडली गोठ्यात. शेवंती बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंना करडं, आणि तिच्या पाठीवर, कमरेच्या खळग्यात, गोदी पसरून बसलेली. शेवंतीने मान वळवून तिला हुंगलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला. मी हात पुढे केला, गोदीच्या पोटाखाली सरकवला. किती ऊब होती तिथे! शेळीची आणि कोंबडीची, दोन्ही मिळून. तिची ती काटा आलेली मानसुद्धा शेवंतीच्या केसांत गेलेली.

तेव्हापासून थंडीचे महिने तिची झोपायची जागा ठरली. आत्याबाईंनी गोठ्याच्या दाराला जाळी मारून घेतली आणि विषय संपवला. शेळीच्या पाठीवर घाण होते, ती रोज सकाळी पुसायची, एवढं काम वाढलं. मला त्या वाढलेल्या कामाचा कधी त्रास वाटला नाही.

थंडीत गोदी अंडी देत नसे. दिवाळीच्या मागेपुढे पिसं झडायची. नवी पिसं म्हणजे जवळपास निव्वळ प्रथिनं, त्यात शरीर गुंतलेलं. शिवाय कोंबडीला नेमाने अंडी द्यायला साधारण चौदा तासांचा उजेड लागतो आणि डिसेंबरात आमच्याकडे दिवस अकरा तासांचा. मोठ्या पोल्ट्रीत म्हणून रात्री दिवे लावतात. आत्याबाईंनी ते कधी केलं नाही. "तिलाबी चार दिस माहेरपण पायजे," एवढंच म्हणायच्या. पिसं येण्याच्या दिवसांत मात्र भुईमुगाची पेंड, आणि वाळवी. शेण-भुसा भरलेलं जुनं मडकं बांधाच्या कडेला पालथं घालून ठेवलं की काही दिवसांत त्यात वाळवी चढते. मडकं अंगणात आपटलं की कोंबड्यांची झुंबड उडायची आणि गोदी सगळ्यांत पुढे असायची, लाल मान लांब करून.

फेब्रुवारीत दिवस वाढायला लागला की ती अंड्यावर यायची आणि मग खुडूक बसायची. रवणीला तिच्यासारखी कोंबडी आम्ही दुसरी पाहिली नाही. एकवीस दिवस ती दिवसातून एकदा, ऊन तापल्यावर उठायची, दाणापाणी घ्यायची, राखेत लोळायची आणि अंडी गार व्हायच्या आत परत. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. बल्बखाली वाढवली तर वीज गेली की ती एकमेकांवर चढून गुदमरतात, आणि आमच्याकडे वीज जायचीच. गोदीखाली तो प्रश्न नव्हता. स्वतःची मान उघडी असणारी ही बाई अकरा-अकरा पिल्लं झाकायची. गार वारा सुटला की तिचा घशातला एक ठरावीक आवाज यायचा, आणि अंगणभर पसरलेली पिल्लं क्षणात तिच्या पंखाखाली. मग छातीच्या पिसांतून इथे एक चोच, तिथे एक डोळा.

तिच्या पिल्लांत साधारण निम्मी तिच्यासारखी उघड्या मानेची निघत. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भावाने त्याचं कारण सांगितलं. मानेच्या पुढे पिसांचा झुपका असलेल्या कोंबडीत तो गुण एकाच पालकाकडून आलेला असतो, म्हणून पुढे निम्म्यांना मिळतो, निम्म्यांना नाही. पिल्लं सात दिवसांची झाली की लासोटा लशीचा थेंब प्रत्येकाच्या डोळ्यात, मानमोडी रोग टळावा म्हणून. तो थेंब पडताना पिल्लू डोळा मिटून घेतं, तो त्याला धीराने उघडायला लावावा लागतो.

२०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या. २००६ साली नवापूरला देशात पहिल्यांदा ही साथ आली होती तेव्हाचे दिवस आत्याबाईंना आठवत होते. ट्रॅक्टर भरभरून पुरलेल्या कोंबड्यांच्या बातम्या, बाजारात अंड्याला गिऱ्हाईक नाही. आमच्यापासून नांदूर मध्यमेश्वर जवळ. गोदावरीच्या त्या पाणथळीवर हिवाळ्यात दूरदेशीची हजारो पाखरं उतरतात, आदल्याच वर्षी ती रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली होती. पाहुणी पाखरं आम्हाला प्रिय, पण या विषाणूची वाट त्यांच्यातून जाते हेही खरं. गावात काहींनी कोंबड्या मिळेल त्या भावाने विकल्या, काहींनी कापल्या. "गोदीला द्यायची का?" असं कोणीतरी विचारलं. आत्याबाईंनी उत्तरही दिलं नाही. त्यांनी अंगणाला जाळी लावून घेतली, कोंबड्यांना नदीकडे सोडणं बंद केलं, पाणी विहिरीचं आणि भांडं झाकलेलं. दुसऱ्याच्या खुराड्यात जाऊन आलेल्या माणसाला चप्पल दाराबाहेर काढायला लावली. आमच्या वस्तीत साथ आली नाही. तो आमचा शहाणपणा होता असं मी म्हणणार नाही, पण दाराशी काढलेल्या चपलांची ती सवय आजही आहे.

पुढे गोदी म्हातारी झाली. पायांवरचे खवले जाड झाले, आरी लांबली, अंडी वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शेवंतीच्या पाठीवर उडी घेणं जमेना, तेव्हा आत्याबाई तिला रोज संध्याकाळी उचलून तिथे ठेवत. पिशवी चाचपून, मका देऊन, मग. आमच्या घरात खाण्यासाठी कोंबडी कापतात, यात मी लपवण्यासारखं काही मानत नाही. पण तिच्या नावावर सुरी कधी आली नाही, तसं ठरवावंही लागलं नाही.

पाच हिवाळे तिने काढले आणि गेली ती पावसाळ्यात. श्रावणातली झड लागली होती, आठवडाभर ऊन नाही, भुसकट सकाळी बदललं तर संध्याकाळी पुन्हा दमट. ती दोन दिवस पिसं मिटून बसली, घशात घरघर. पशुवैद्यक येऊन गेले, औषध दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. आत्याबाईंनी शेवग्याखाली खड्डा घेतला. पुरताना त्या रागावल्यासारख्या बोलत होत्या, पावसाला. एवढी थंडी खाल्लेली कोंबडी, आणि वलीनं नेली.

शेवग्याच्या बाजूचं खुराडं आता उंच जोत्यावर बांधलं आहे, खाली विटांचा थर, पाणी बाजूने वाहून जाईल असा उतार. आत गोदीच्या लेकी-नाती आहेत, त्यांत तीन उघड्या मानेच्या. वाडीवरच्या एका सुनेला यंदा त्यांची अंडी हवी होती, मार्गशीर्षातच रवण बसवायला. आत्याबाईंनी तिला संक्रांत होऊ दे म्हणून सांगितलं, अंडी द्यायला नकार दिला नाही, आणि जाताना तिच्या सोबत पाचटाची एक मोळी दिली.