सीडीवर गाणं आहे, मग नाव कुठे गेलं?



२००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत घराघरांत कुणी ना कुणी हौशी दीर किंवा भाचा सीडी ‘राइट’ करून देणारा होता. त्याने करून दिलेल्या सीडींचा प्लॅस्टिकचा उभा डबा अजून आपल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो. त्यात पूजा असतात, आरत्या, स्तवनं, पाळणे, एखाद्या माताजींचं प्रवचन. दशलक्षण जवळ आलं की साफसफाईत तो डबा खाली येतो. आताच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते, म्हणून यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणायचा, सीडी आत घालायची, आणि समोर काय येतं? ‘अननोन अल्बम’. खाली ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’, ‘ट्रॅक ३’. गाणं वाजतं, पण नाव नाही. मग आपण म्हणतो, सीडी खराब झाली, टाकून द्या.

टाकू नका. सीडी बहुधा खराब झालेली नसते. नावं तिच्यावर कधी नव्हतीच.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा पटेना. एवढी मोठी कंपन्यांची शोधबुद्धी आणि नाव लिहायला जागा ठेवली नाही? पण खरंच नव्हती ठेवली. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ऑडिओ सीडीचे नियम ठरवले. ती सीडी घरच्या म्युझिक सिस्टीममध्ये वाजवायची वस्तू होती. नावं पाहायची तर कव्हर हातात होतंच. म्हणून सीडीच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका ठेवली, पण तिच्यात फक्त आकडे: ट्रॅक किती, आणि कुठला कुठे सुरू होतो. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत पानांचे आकडे आहेत आणि धड्यांची नावं नाहीत, असं समजा. आकडे मात्र अगदी काटेकोर. एका सेकंदाचे ७५ भाग करून जागा मोजलेली असते. ८० मिनिटांच्या सीडीत असे ३,६०,००० भाग होतात. (बी.कॉम.ची सवय, गुणाकार करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.)

मग दुकानातून आणलेली सीडी घातली की कॉम्प्युटरवर नावं कशी यायची? ती सीडीवरून येत नव्हती, इंटरनेटवरून येत होती. १९९३ साली टी कान या प्रोग्रामरने आपल्या सीडी वाजवण्याच्या प्रोग्रामसाठी एक यादी सुरू केली. लोक आपापल्या सीडी पाहून गाण्यांची नावं त्यात भरत. पुढे तीच सीडीडीबी, नंतर ग्रेसनोट. कॉम्प्युटर सीडीवरचे आकडे वाचतो, म्हणजे ट्रॅक इतके, पहिला इतका लांब, दुसरा इतका, आणि त्या यादीला विचारतो: ‘असे आकडे असलेली सीडी कुणाची?’ जुळलं तर नावं येतात. तो आवाज ऐकत नाही, गाणं ओळखत नाही. हिशेबात व्हाउचर हरवलं की आपण नुसत्या रकमेवरून खातं शोधतो ना, तसंच हे.

आता आपली घरची सीडी. सासूबाईंची पूजा एका कॅसेटमधून, आत्यांचा पाळणा दुसरीतून, मधे मंदिरातलं प्रवचन. ही जुळणी जगात एकाच घरात झालेली. तिची नोंद त्या यादीत कोण करणार? नाव येत नाही ते म्हणूनच. विकत घेतलेल्या सीडीची जशीच्या तशी नक्कल केली असेल तर आकडे जुळून नावं येऊही शकतात. म्हणून एका सीडीवर दिसतात, दुसरीवर नाहीत, आणि आपल्याला वाटतं कॉम्प्युटरचं डोकं फिरलं.

कधी चुकीचंही जुळतं. आमच्याकडे सामायिकासाठी केलेली एक सीडी आहे, सलग एकच ट्रॅक, बरोबर ४८ मिनिटांचा, दोन घटका. एकाच ट्रॅकला जुळवायला आकडे असे कितीसे असणार? मधे एकदा तिच्यावर कुठल्यातरी परदेशी वाद्यवृंदाचं नाव आलं. नात हसून लोळली. आत मात्र णमोकार मंत्रच होता.

आणखी एक कोडं बऱ्याच जणींना पडतं. ‘भाच्याच्या कॉम्प्युटरवर नावं दिसायची, माझ्याकडे का नाहीत?’ कारण सीडी त्याच कॉम्प्युटरवर केली होती. काही प्रोग्राम आपण केलेल्या सीडीचे आकडे आणि नावं स्वतःच्या वहीत टिपून ठेवतात. वही त्याच्याकडे राहिली, सीडी तेवढी तुमच्याकडे आली.

नावं सीडीवरच लिहायची सोय १९९६ मध्ये निघाली, तिला सीडी-टेक्स्ट म्हणतात. गाडीतल्या प्लेयरवर नाव दिसतं आणि घरी दिसत नाही ते याच्यामुळे. काही कार प्लेयर ते वाचतात, विंडोज मीडिया प्लेयर वाचत नाही. व्हीएलसी वाचतो, घालून पाहायला हरकत नाही. पण ज्याने सीडी केली त्याने तेव्हा ती नावं टाइप केलेली हवीत. आणि देवनागरी? त्या सोयीत रोमन अक्षरं आहेत, जपानी आहे, आपली लिपी नाही. मला याचा थोडा रागच आला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खारघरच्या माझ्या एका मैत्रिणीकडे घडलं ते ऐका. तिच्या मुलाने सीडी उघडली, आत ‘ट्रॅक०१.सीडीए’, ‘ट्रॅक०२.सीडीए’ अशा फाइली दिसल्या. त्याने त्या पेनड्राइव्हवर कॉपी केल्या. दोन सेकंदांत काम झालं, आणि सीडी रद्दीत गेली. त्या फाइली म्हणजे गाणी नव्हेत. एकेक फाइल ४४ बाइटची, विंडोजने नुसती दाखवायला तयार केलेली चिठ्ठी: ‘गाणं सीडीवर अमुक ठिकाणी आहे.’ सीडी नाही तर चिठ्ठीचा काय उपयोग? तिच्या आईचा आवाज त्यात होता. कॉपी अशी होत नाही. मीडिया प्लेयरमध्ये ‘रिप’ म्हणून असतं, ते करायचं. एक तासाच्या सीडीला काही मिनिटं लागायलाच हवीत, लागली नाहीत तर संशय घ्या.

रिप करताना एमपी३ किंवा फ्लॅक निवडा. त्यांत नाव फाइलच्या आतच राहतं, देवनागरीतही चालतं. नुसत्या ‘ट्रॅक १’ नावाने मात्र ठेवू नका. अकरा सीडींचे अकरा ‘ट्रॅक १’ झाले की तुमच्या सुनेला काय कळणार? आणि सीडीवर बॉलपेनने लिहू नका. आवाजाचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, वर फक्त पातळ लाखेसारखा लेप. मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करने नंबर घाला, तोच वहीत लिहा. उन्हातही ठेवू नका, राइट केलेल्या सीडीतला रंग उन्हाने उडतो.

आमच्या डब्यात अशा अकरा सीडी निघाल्या. धाकट्या भाऊजींनी जुन्या कॅसेटवरून केलेल्या, वर फक्त ‘आई - घरगुती’. सासूबाई आता नाहीत. कुठलं गाणं कुठल्या वर्षीचं, कुणाचा आवाज, हे सांगू शकतील अशा एकट्या मोठ्या वन्संच राहिल्या. त्या सांगलीला असतात, वय ८२, दृष्टी गेली आहे पण कान शाबूत. गेला महिनाभर रोज दुपारी चारला मी नेरुळहून फोन लावते, लॅपटॉपजवळ धरते आणि पेन घेऊन बसते. दोन-तीन ट्रॅकच्या वर त्यांना नको होतं.

परवा एक पाळणा लावला. मी वहीत सासूबाईंचं नाव लिहून मोकळी होणार तोच वन्सं म्हणाल्या, “थांब गं. हा आईचा आवाज नाही. ही आमची धाकटी काकू. आईला तिथं वर जाताना दम लागायचा, ती मधे थांबायची. काकू थांबत नाही बघ.” मग म्हणाल्या, “परत लाव.” तीनदा लावला. काकू गेल्या त्याला चाळीस वर्षं झाली. त्यांचा फोटो आहे घरात, पण आवाज कुठे आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आतापर्यंत सात सीडी झाल्या, ५८ ट्रॅकची नावं लागली. सहाव्या सीडीतल्या चौथ्या ट्रॅकवर वन्संही अडल्या. कुणी बाई आरती म्हणतेय, मागे लहान मूल रडतंय. वन्सं म्हणतात, ते मूल म्हणजे आमचे हे असावेत. ह्यांना ऐकवलं तर हे म्हणाले, “मी एवढा रडका नव्हतो.” ती ओळ वहीत अजून रिकामी आहे.