परक्या सोंगट्यांचा डाव

आवडता लेखक निवडताना वाचक एक गोष्ट बहुधा न सांगता गृहीत धरीत असतो. लेखकाने उभे केलेले विश्व त्याचे स्वतःचे आहे, त्यातील माणसे त्याच्याच अनुभवातून आणि कल्पनेतून आली आहेत, आणि त्यांचे काय करावयाचे याचा निर्णयही त्याचाच आहे, अशी ही समजूत असते. परंतु वाङ्मयाचा एक प्रांत असा आहे की जेथे या समजुतीला आधारच उरत नाही. चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका किंवा खेळ यांच्या मालकांकडून परवाना घेऊन ज्या विज्ञानकादंबऱ्या आणि अद्भुतिका लिहिल्या जातात, त्यांचा हा प्रांत होय. इंग्रजीत त्यांना ‘टाय-इन’ म्हणतात. मराठीत ‘संलग्न कादंबरी’ म्हणता येईल. अशा कादंबरीतील पात्रे, स्थळे, याने, शस्त्रे, किंबहुना बहुतेक वेळा संहितेचा स्वामित्वहक्कसुद्धा कंपनीकडे असतो. नायकाला मारता येत नाही, त्याचे लग्न लावता येत नाही, त्याला म्हातारा करता येत नाही. पुढल्या आठवड्याचा भाग जेथून सुरू व्हावयाचा तेथेच कथानकाला परत आणून सोडावे लागते. या अटी मान्य करून लिहिणाऱ्यांपैकी कोणाला ‘आपला आवडता लेखक’ म्हणावे, आणि म्हणावे तर कोणत्या निकषावर, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

निदान मराठीच्या एका अध्यापकाला तो किरकोळ वाटत नाही. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ दाखवली जात असे. त्या सुमारास मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्या मालिकेच्या कादंबऱ्या त्याच्या हाती येऊ लागल्या आणि तेव्हापासून हे वाचन सुटले नाही. वर्गात तो मर्ढेकरांची आत्मनिष्ठेची कसोटी समजावून देतो आणि घरी येऊन ज्या पुस्तकांना ही कसोटी लावताही येणार नाही असे कोणीही म्हणेल, ती वाचतो. सहकाऱ्यांत या वाचनाचा उल्लेख तो सहसा करीत नाही. संकोच रंजनाचा नाही. रहस्यकथा वाचणारे प्राध्यापक पुष्कळ आहेत आणि ते तसे मोकळेपणाने सांगतातही. संकोच आहे तो आवडीचे समर्थन करण्याच्या वेळचा.

प्रथम त्याने जे समर्थन शोधले ते मराठी अध्यापकाला सहज सुचावे असेच होते. मुक्तेश्वराने किंवा मोरोपंतांनी पात्रे कोठे निर्माण केली? कथा सर्वांना ठाऊक, शेवट ठरलेला, आणि तरीही एकाच आख्यानाच्या दोन रचना वाचल्या की दोन निराळे कवी स्वच्छ ओळखू येतात. तेव्हा परक्या कथावस्तूवर उभे राहणे ही काही वाङ्मयीन उणीव नव्हे. हा युक्तिवाद त्याला काही वर्षे पुरला. पुढे त्यातील कच्चा दुवा त्याच्याच ध्यानी आला. महाभारताला मालक नाही. द्रौपदीच्या तोंडी कोणते शब्द घालावेत यासाठी मुक्तेश्वराला कोणाच्या कार्यालयातून संमती आणावी लागली नाही, आणि त्याची ओवी कोणी ‘यापुढे ही ग्राह्य नाही’ म्हणून रद्दही करू शकत नव्हते. संलग्न कादंबरीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडतात. साधर्म्य आहे, पण ते जेथे हवे तेथेच तुटते.

मग एकेक लेखक समोर घेऊन पाहणे आले. जेम्स ब्लिश हा स्वतः प्रतिष्ठित विज्ञानकथाकार; त्याने १९६७पासून ‘स्टार ट्रेक’च्या भागांची कथारूपे लिहिली आणि १९७०मध्ये ‘स्पॉक मस्ट डाय!’ ही स्वतंत्र कादंबरीही दिली. हे काम त्याने मुख्यतः निर्मात्यांकडून आलेल्या संहितांवरून केले, आणि ते वाचताना जाणवतेही. त्याच्या श्रेयस्कर कृती अन्यत्र आहेत.

ॲलन डीन फॉस्टरचे प्रकरण अधिक बोलके आहे. ‘स्टार वॉर्स’ चित्रपट १९७७च्या मे महिन्यात झळकला. त्याची कादंबरी त्याआधीच, १९७६च्या अखेरीस, बाजारात आली होती. मुखपृष्ठावर नाव होते जॉर्ज ल्यूकसचे, लिहिणारा होता फॉस्टर. पुढे १९७८मध्ये ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ ही त्या विश्वातील पहिली स्वतंत्र कादंबरी त्याने स्वतःच्या नावाने लिहिली. कमी खर्चात उत्तरचित्रपट काढावा लागलाच तर उपयोगी पडेल असा हिशेब तीमागे होता. ‘एलियन’चेही कादंबरीकरण त्याचेच. २०२०मध्ये, जुन्या कंपन्या विकत घेणाऱ्या डिस्नेकडून आपले मानधन येत नाही, अशी तक्रार त्याने अमेरिकन विज्ञानकथालेखकांच्या संघटनेमार्फत जाहीरपणे मांडली, तेव्हा या व्यवसायाचे अंतरंग पुष्कळांना प्रथमच दिसले. फॉस्टरबद्दल आदर वाटतो, सहानुभूती वाटते. पण त्याचा हात ओळखू येतो काय? सफाई ओळखू येते. सफाई म्हणजे हात नव्हे.

टेरन्स डिक्सपाशी मात्र थांबावे लागते. १९६८ ते १९७४ या काळात तो बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचा संहिता-संपादक होता, आणि १९७४पासून त्याने त्या मालिकेच्या साठाहून अधिक कथानकांच्या छोट्या कादंबऱ्या टार्गेट या प्रकाशनासाठी लिहिल्या. त्या काळी घरोघरी ध्वनिचित्रफिती नव्हत्या. जुने भाग क्वचितच पुन्हा दाखवले जात. कित्येक भाग तर खुद्द बीबीसीने फिती पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले. ब्रिटनमधील एका पिढीला जुना ‘डॉक्टर हू’ भेटला तो डिक्सच्या गद्यातून. साधी वाक्ये, नेमका तपशील, एका परिच्छेदात पात्र उभे करण्याची हातोटी, आणि लेखकाने मध्ये यावयाचे नाही ही शिस्त. नष्ट झालेल्या प्रयोगाची स्मृती राखणारे हे लेखन आहे. जुन्या संगीत नाटकांचे प्रयोग पुढील पिढीला बहुतांशी आठवणींच्या पुस्तकांतूनच भेटले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या कामाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. तरीही हा अध्यापक डिक्सला आपला म्हणू शकला नाही, आणि कारण अगदी साधे आहे. डिक्सवरचे प्रेम बहुधा नवव्या-दहाव्या वर्षी जडते. तो त्याला भेटला चाळिशीत.

वोंडा मॅकिन्टायरचे ऋण फार लहान आणि फार मोठे आहे. ‘ड्रीमस्नेक’ या स्वतःच्या कादंबरीसाठी ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळवलेल्या या लेखिकेने १९८१मध्ये ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ ही ‘स्टार ट्रेक’ची कादंबरी लिहिली. मालिकेत सुलू या अधिकाऱ्याला फक्त आडनाव होते. तिने त्याला ‘हिकारू’ हे नाव दिले. दहा वर्षांनी, १९९१च्या सहाव्या चित्रपटात ते नाव पडद्यावर उच्चारले गेले. मालकाने भाडेकरूची एक खुंटी कायम ठेवावी तसे हे झाले. डायान ड्वेनने रोम्युलन या शत्रुजमातीला भाषा आणि नीतिव्यवस्था दिली. टिमथी झानचा सेनापती थ्रॉन १९९१मध्ये कादंबरीत अवतरला, २०१४मध्ये इतर सर्व जुन्या ‘स्टार वॉर्स’ कादंबऱ्यांबरोबर ‘दंतकथा’ या वर्गात ढकलला गेला, आणि २०१६मध्ये पडद्यावर परतला. अद्भुतिकांच्या बाजूला आर. ए. साल्वातोरचा ड्रिझ्ट आहे. खपाच्या दृष्टीने तो या सर्वांना भारी पडेल, पण त्या तलवारबाजीच्या वर्णनांची दहा पाने झाली की वाचक घड्याळाकडे पाहू लागतो.

उरतो जॉन एम. फोर्ड. १९५७मध्ये जन्मलेल्या या अमेरिकन लेखकाला ‘द ड्रॅगन वेटिंग’ या कादंबरीसाठी १९८४मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी त्याची ‘द फायनल रिफ्लेक्शन’ ही ‘स्टार ट्रेक’ची कादंबरी प्रसिद्ध झाली. मूळ मालिकेतील क्लिंगॉन म्हणजे शीतयुद्धाच्या छायेत कल्पिलेले ठरावीक शत्रू: क्रूर, कपटी आणि सपाट. फोर्डने कादंबरी त्यांच्या बाजूने लिहिली. कर्क आणि त्याचे सहकारी केवळ चौकटीपुरते येतात. कर्क एक पुस्तक वाचतो आहे आणि ते पुस्तक म्हणजेच ही कादंबरी. त्या पुस्तकाचा काल्पनिक लेखक जेकब टागोर नावाचा, आणि कथेत क्लिंगॉन साम्राज्यात जाणारा पृथ्वीचा शांततावादी राजदूत इमॅन्युएल टागोर. भारतीय वाचकाला हे आडनाव अशा ठिकाणी भेटते तेव्हा क्षणभर थबकायला होते. शत्रूच्या घरी शांततेची भाषा घेऊन जाणाऱ्या माणसासाठी फोर्डने ते योजावे यात औचित्य तर आहेच.

कथानायक व्रेन हा अनाथ क्लिंगॉन मुलगा. ‘क्लिन झा’ हा त्यांचा बुद्धिबळासारखा खेळ त्रिकोणी घरांच्या पटावर खेळतात. त्याचा एक प्रकार जिवंत माणसांना सोंगट्या करून खेळला जातो, आणि व्रेन अशीच एक सोंगटी आहे. त्याचा खेळ पाहून केथास नावाचा मुरब्बी सेनानी त्याला आपल्या कुळात घेतो. पुढे ते कूळ नष्ट होते, मुलगा नाव बदलून क्रेन होतो, कप्तान होतो, आणि टागोरला आणण्यासाठी पृथ्वीवर जातो. फोर्डच्या क्लिंगॉन भाषेत ‘कोमेरेक्स’ म्हणजे वाढत राहणारी रचना आणि ‘खेस्टेरेक्स’ म्हणजे मरत जाणारी. साम्राज्याला पहिला शब्द लावतात, आणि तिसरी अवस्था त्यांना ठाऊकच नाही. दोन शब्दांत एका समाजाची अगतिकता सांगून टाकण्याचे हे कौशल्य मालिकेच्या कोणत्याही संहितेत आढळत नाही.

परंतु खरे महत्त्व शीर्षकाचे आहे. क्लिन झाचा सर्वांत कठीण प्रकार ‘रिफ्लेक्टिव्ह’ म्हणजे परावर्ती डाव. त्यात सोंगट्यांचा संच एकच असतो आणि दोन्ही खेळाडू त्याच सोंगट्या चालवतात. माझी आणि तुझी असा भेद राहत नाही. जी सोंगटी आता हातात आहे तीच पुढल्या खेळीत प्रतिपक्षाची होणार. परवान्याने लिहिणाऱ्या लेखकाची स्थिती याहून नेमकेपणाने कोणी मांडली असेल असे वाटत नाही. फोर्डला हे रूपक अभिप्रेत होते की नाही, याची चिकित्सा संशोधकांनी करावी. त्याचा प्रत्येक डाव मात्र त्याच रीतीचा आहे. सोंगटी आपली नाही हे जाणून, पण ती आपल्या हातात असेपर्यंत पूर्ण गांभीर्याने चालवावयाची.

गांभीर्याने म्हणताना त्याची १९८७ची दुसरी कादंबरी विसरता येणार नाही. ‘हाऊ मच फॉर जस्ट द प्लॅनेट?’ मध्ये मौल्यवान खनिज असलेल्या एका ग्रहावर दोन्ही पक्षांची याने पोचतात आणि तेथील रहिवासी सर्वांनाच एका संगीत प्रहसनात गोवून टाकतात. अधिकारी बोलता बोलता गाऊ लागतात. अमेरिकेतील अनेक निष्ठावंत वाचकांना हा अतिप्रसंग वाटला. ज्यांच्या आजोबांनी रणांगणावरचा वीर पद संपेपर्यंत थांबलेला पाहिला आहे, त्यांना त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

पुढे जे घडले त्याने या अध्यापकाची निवड पक्की केली. १९८५मध्ये मार्क ओक्रँडचा क्लिंगॉन शब्दकोश आला. ती भाषा फोर्डची नव्हती. १९८७पासून नव्या मालिकेने जे क्लिंगॉन रंगवले ते मानापमानाने पेटणारे, गर्जना करणारे योद्धे होते. फोर्डचे थंड डोक्याचे खेळाडू मागे पडले. पॅरामाउंटच्या कार्यालयाची कादंबऱ्यांवरील नजरही त्या दशकाच्या अखेरीस अधिक कडक झाली. मालकाच्या दृष्टीने ‘द फायनल रिफ्लेक्शन’ मधील काहीच घडलेले नाही.

याउलट फोर्डच्या स्वतःच्या मालकीच्या पुस्तकांचे काय झाले? २००६मध्ये तो वारला. वारसांशी संपर्क तुटल्यामुळे त्याच्या जवळजवळ सर्व स्वतंत्र कादंबऱ्या वर्षानुवर्षे दुर्मिळ राहिल्या. २०१९मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने या प्रकरणाचा पाठपुरावा करून वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यातून संपर्क जुळला, आणि २०२०मध्ये ‘द ड्रॅगन वेटिंग’ पुन्हा छापली गेली. अपुरी राहिलेली ‘ॲस्पेक्ट्स’ २०२२मध्ये आली. ‘द फायनल रिफ्लेक्शन’चे पुनर्मुद्रण मात्र २००४मध्येच एका संयुक्त आवृत्तीत झाले होते, आणि त्यासाठी पुढेही कोणा वारसाची संमती लागणार नव्हती. जे त्याचे होते ते चौदा वर्षे दिसेनासे झाले. जे कधीच त्याचे नव्हते, ते वाचकांच्या हाती राहिले.

आत्मनिष्ठेचा प्रश्न या अध्यापकाने सोडवला आहे असे नाही. लेखकाची निष्ठा आणि लेखकाची मालकी या दोन गोष्टींची तो पूर्वी नकळत गल्लत करीत असे, एवढे त्याला दिसले आहे. पदव्युत्तर वर्गात मुक्तेश्वर शिकवताना आता तो परावर्ती डावाचा उल्लेख करतो. विद्यार्थी पुस्तकाचे नाव विचारतात तेव्हा तो ते फळ्यावर लिहितो, खाली लेखकाचे नाव लिहितो, कंपनीचे लिहीत नाही. आणि पडद्यावरचे क्लिंगॉन गर्जना करू लागले की अजूनही त्याचे लक्ष प्रसंगाच्या मागे, कोपऱ्यात कोठे त्रिकोणी घरांचा पट मांडलेला दिसतो काय, तिकडेच जाते.