शकुंतलेच्या रुळांजवळचं मैदान

मुलांनो, यवतमाळ जिल्हा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? भूगोलाच्या पुस्तकातला पांढराशुभ्र कापूस, टिपेश्वरच्या जंगलातला वाघ, वणीचा कोळसा, कळंबचा चिंतामणी. अगदी बरोबर! पण आज मी तुम्हाला यांपैकी कुठेच नेणार नाही. आज आपण जाणार आहोत दारव्हा तालुक्यातल्या एका छोट्या शाळेच्या मैदानावर. तिथे बघण्यासारखं काय आहे, असं विचाराल. सांगते.

यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला एक छोटी रेल्वे जायची. तिचं लाडकं नाव शकुंतला. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर! १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. इंग्रजांच्या काळात इथला कापूस या गाडीनं मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि पुढे बोटीनं थेट विलायतेला. आता शकुंतला बंद आहे. रूळ गवतात बुडालेत, त्यांवर शेळ्या चरतात. आमच्या मैदानाची एक बाजू या रुळांना लागून आहे. ही बाजू लक्षात ठेवा बरं का, पुढे कामाला येणार आहे.

मैदान म्हणजे तरी काय? काळीभोर जमीन. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की गोटी आत गेली की गेलीच. पावसाळ्यात तीच जमीन चपलेला अशी चिकटते की चप्पल तिथेच राहते आणि पाय पुढे जातो! शालेय सामने नेमके पावसाळ्यातच येतात. त्यामुळे आमच्या मुलांना खेळही शिकावा लागतो आणि चिखलही.

या मैदानावर फुटबॉल आला तो दिवस मला नीट आठवतो. १५ सप्टेंबर २०१७. त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता. म्हणून राज्य सरकारनं ठरवलं होतं, की एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. आम्ही दोन्ही बाजूंना बांबू रोवले, राखेनं रेघा आखल्या आणि शिट्टी वाजवली. झालं! गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी सगळी मुलं चेंडूला लागली. चेंडू दिसेना, नुसती डोकी दिसत होती. मैदानाच्या दोन्ही कडा मात्र रिकाम्या. रुळांकडच्या बाजूला तर एक बकरी निवांत चरत होती.

मी स्वतः कधी फुटबॉल खेळले नव्हते. डी.एड.ला खो-खो, लेझीम शिकले होते, तेवढंच. मला वाटायचं, जी मुलं जोरात पळतात त्यांना पुढे ठेवायचं आणि जी बुजरी आहेत त्यांना मागे, म्हणजे बॅकला. अशीच सातवीतली एक मुलगी मी उजव्या बाजूला, रुळांकडे उभी केली होती. ती कधी तक्रार करायची नाही. पण दोन वर्षांपूर्वी एके दिवशी सराव संपल्यावर माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मले कायमच मांगं काहून ठेवता?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. खरं उत्तर होतं ते देण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "उद्या सांगते." आणि त्या रात्री मी मोबाइलवर मोठमोठे सामने बघायला बसले. पुढच्या खेळाडूंकडे नाही, फक्त मागच्या खेळाडूंकडे बघत राहिले.

काय दिसलं असेल? उजव्या आणि डाव्या बाजूचा बॅक नुसता मागे उभाच राहत नाही! मध्ये गर्दी झाली, की तो कडेच्या रेघेवरून धावत थेट पुढे जातो आणि तिथून चेंडू आडवा गोलसमोर पाठवतो. या आडव्या चेंडूला म्हणतात क्रॉस. इंग्लंडच्या लिव्हरपूल संघाचा उजवा बॅक ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड यानं २०१८–१९ च्या प्रीमियर लीगमध्ये असे पास देऊन स्वतःच्या साथीदारांकडून १२ गोल करवून घेतले. तेव्हा तो फक्त वीस वर्षांचा होता. बचाव करणाऱ्या खेळाडूसाठी तो विक्रम ठरला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला रुळांकडच्या रेघेवर नेलं आणि म्हटलं, "ही तुझी शकुंतला. इथून जायचं आणि इथूनच परत यायचं." ती हसली. मग आम्ही दोघी मिळून क्रॉस शिकलो. चला, तुम्हीही शिका.

पहिली गोष्ट, चेंडू माणसाकडे नाही, जागेकडे पाठवायचा. एस.टी. आली की आपण काय करतो? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. रुमाल आधी पोचतो, माणूस मागून येतो. क्रॉसचंही तसंच आहे. चेंडू आधी निघतो आणि आपला साथीदार धावत येऊन ती जागा गाठतो. उभ्या असलेल्या साथीदाराच्या पायात चेंडू दिला तर त्याच्याभोवती आधीच दोघंतिघं असतात.

मग जागा कोणती? मोठ्या मैदानावर गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. त्याच्यासमोर ५.५ मीटरवर छोट्या चौकटीची रेघ आणि ११ मीटरवर पेनल्टीचा ठिपका. या दोहोंमधला पट्टा म्हणजे सोन्याची जमीन! चेंडू गोलजवळ पडला तर गोली सहज उचलतो. फार लांब पडला तर बचाव करणाऱ्यांना वेळ मिळतो. पण या पट्ट्यात आला, की गोलीला प्रश्न पडतो, पुढे जाऊ की थांबू? तुमचं मैदान लहान असेल तर हे अंतरही त्याच प्रमाणात कमी करा.

दुसरी गोष्ट, पहिल्या माणसाला चुकवायचं. क्रॉस मारणाऱ्याच्या सर्वांत जवळ जो विरोधी खेळाडू असतो, त्याच्याच पायाला चेंडू लागला तर सगळी धाव वाया. म्हणून मारण्याआधी एकदा मान वर करून बघायचं आणि मारताना मात्र नजर चेंडूवरच ठेवायची. ज्या पायावर उभे राहता तो चेंडूच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर हवा. चेंडूच्या मधोमध मारलंत तर तो सरपटत जाईल, थोडं खालून मारलंत तर उचलला जाईल.

तिसरी गोष्ट, वळण. उजव्या बाजूनं, उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं मारलेला चेंडू स्वतःभोवती फिरत जातो. फिरणारा चेंडू हवेला एका बाजूला ढकलतो आणि हवा त्याला उलट बाजूला वळवते. विज्ञानात याला मॅग्नस परिणाम म्हणतात. त्यामुळे हा चेंडू गोलीपासून दूर, म्हणजे धावत येणाऱ्या आपल्या साथीदाराकडे वळतो. किती सोयीचं, नाही का?

चौथी गोष्ट, मागे ओढून दिलेला चेंडू. अगदी गोलच्या रेघेजवळ पोचलात, तर चेंडू जमिनीलगत मागच्या बाजूला द्या. बचाव करणारे सगळे स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावत असतात. त्यांना मागून कोण येतंय ते दिसत नाही. शिवाय जो खेळाडू चेंडूच्या मागे असतो तो ऑफसाइड होत नाही.

आईबाबांसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट. क्रॉस म्हटलं की डोक्यानं मारलेला गोल आठवतो. पण लहान मुलांनी डोक्यानं चेंडू मारण्याचा सराव करू नये. मेंदूच्या काळजीपोटी अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं दहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांसाठी २०१५ मध्येच ही बंदी ठरवली, आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हा भाग काढला. म्हणून आमच्याकडे क्रॉस खालूनच. फक्त चिखल असला की सरपटणारा चेंडू अर्ध्यावरच रुततो, तेव्हा गुडघ्याएवढा उचलायचा. हे मात्र कुठल्याही परदेशी सामन्यात दिसलं नाही, ते आम्हाला काळ्या मातीनंच शिकवलं!

आमच्या शाळेत चेंडू आला त्यानंतर चोवीसच दिवसांनी, ९ ऑक्टोबर २०१७ ला, दिल्लीत भारत आणि कोलंबियाचा सामना झाला. भारतीय संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. भारत एका गोलनं मागे होता. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नरवरून चेंडू आत टाकला आणि जीक्सन सिंगनं तो डोक्यानं गोलमध्ये मारला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल! सामना आपण १–२ नं हरलो. जीक्सनचं नाव सगळ्यांना माहीत झालं. पण चेंडू टाकणारा संजीव कोण होता? डावा बॅक! मागे उभा राहणारा!

आता आमच्या सामन्याचं सांगते. तालुक्याच्या ठिकाणी मुलींचे सामने होते. रात्रभर पाऊस पडलेला. आमची मुलगी पहिल्यापासून रेघेवरून पुढे धावू लागली. पहिला क्रॉस समोरच्या मुलीच्या पायाला लागला. दुसरा गोलच्या मागे गेला. तिसऱ्या वेळी ती पुढे गेली असताना चेंडू हिसकावला गेला, आणि तिच्याच रिकाम्या बाजूनं समोरच्या मुली आत शिरल्या. गोल! मध्यंतरापर्यंत आमच्यावर दोन गोल झाले होते.

ती चिखलानं भरलेली, मान खाली घालून आली. "मॅडम, आता मी मांगंच राहते."

क्षणभर मलाही वाटलं, राहू दे. मग लक्षात आलं, चूक तिची नव्हती, माझी होती. गाडी पुढे गेली तर स्टेशन कोण सांभाळणार, हे मी ठरवलंच नव्हतं. मी मधल्या फळीतल्या मुलीला म्हटलं, "ही गेली की तू हिच्या जागी." डावीकडच्या बॅकला सांगितलं, "उजवी गेली की तू थांबायचं." आणि हिला म्हटलं, "तू जा."

उत्तरार्धात तिनं आणखी सहा क्रॉस मारले. पाच वाया गेले. सहाव्या वेळी ती रेघेपर्यंत पोचली, मान वर केली आणि चेंडू गुडघ्याएवढा उचलून मागे ओढला. धावत आलेल्या आमच्या मुलीनं नुसता पाय लावला. गोल! शेवटी सामना आम्ही १–३ नं हरलो. नऊ क्रॉसपैकी एक कामी आला. पण मोठ्यांच्या सामन्यातही बहुतेक क्रॉस परतवलेच जातात. म्हणून तर पुन्हा पुन्हा जावं लागतं आणि पुन्हा पुन्हा परत यावं लागतं.

संध्याकाळी गावच्या थांब्यावर तिचे वडील न्यायला आले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोल कोनं मारला?" तिनं मैत्रिणीचं नाव सांगितलं. "अन् तू?" ती गप्प. तेवढ्यात ती मैत्रीणच म्हणाली, "काका, चेंडू तर हिनंच देल्ला होता."

दुसऱ्या दिवशी ते शेतावर जाता जाता शाळेच्या फाटकाशी थांबले. "मॅडम, हे क्रॉस म्हंजे काय असते?" मी काडी घेतली आणि ओल्या मातीत मैदान काढून दाखवलं. रेघ, पट्टा, ठिपका, सगळं. ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते.

मुलांनो, तुम्हीही करून पाहा. सायकलचे तीन जुने टायर घ्या. एक जवळच्या खांबासमोर ठेवा, एक लांबच्या खांबासमोर आणि एक पेनल्टीच्या ठिपक्यावर. कडेच्या रेघेवरून धावत या आणि प्रत्येक टायरमध्ये दहा-दहा चेंडू टाकून बघा. किती पडले ते वहीत लिहा. महिन्याभरानं पुन्हा मोजा. आणि आईबाबांनो, मूल खेळून घरी आलं की "किती गोल मारलेस?" असं विचारतोच आपण. त्याच्याबरोबर "कोणाला दिलास?" असंही विचारा.