वाळूने राखलेला स्फिंक्स

माक्सिम द्यू काँ या फ्रेंच प्रवाशाने १८४९ साली इजिप्तमध्ये काढलेले एक छायाचित्र आहे. वाळवंटातून एक प्रचंड दगडी डोके वर आलेले. नाक तुटलेले, धड बहुतेक वाळूत गडप. हाच गिझाचा स्फिंक्स, तोंड माणसाचे आणि अंग सिंहाचे.

तो कोणी घडविला? घडविणाऱ्याचे नाव सांगणारा त्या काळचा लेख नाही. उत्तर वाळूखाली होते. १९२५ ते १९३६ या काळात एमिल बारेझ यांनी ती उपसली. सुमारे ७३ मीटर लांब आणि २० मीटर उंच मूर्ती जागच्या कातळातच कोरलेली निघाली.

विहीर खणताना मुरूम, कातळ असे थर आपण पाहतोच. तसे थर स्फिंक्सच्या अंगावर आहेत, अन् समोरच्या देवळाच्या धोंड्यांतही. म्हणजे मूर्तीभोवती खणलेला दगडच देवळाला लागला. शेजारूनच खाफ्रे राजाच्या पिरॅमिडकडे रस्ता जातो. म्हणून बहुतेक अभ्यासक मूर्ती साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खाफ्रेची मानतात.

पण अंगावरची वाळू गेली, तसा आडोसाही गेला. १९८८ साली उजव्या खांद्याचा मोठा तुकडा निखळून पडला. ज्या वाळूने गुपित लपविले, तिनेच मूर्ती सांभाळली होती.