पहिली कादंबरी आणि घरची मराठी

मुलांसाठी लिहिणे सोपे, असा एक समज आपल्याकडे फार जुना आहे. चार प्राणी, एक राजा आणि शेवटी तात्पर्य एवढे जमले की बालवाङ्मय झाले, असे पुष्कळांना वाटते. परंतु बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहावयास बसल्यावर हा समज फार काळ टिकत नाही. राजाराणीच्या गोष्टींचा या वयाला कंटाळा आलेला असतो आणि मोठ्यांच्या कादंबऱ्यांतले सुखदुःख अजून आपले वाटत नसते. खोटेपणा मात्र या वाचकाला चटकन ओळखू येतो. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून आम्ही हे रोजच अनुभवतो.

या वयासाठी ज्यांनी मराठीत मनापासून लिहिले, त्यांतील एक अग्रगण्य नाव आपल्या इंदूरचेच आहे. भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजे सर्वांचे भा. रा. भागवत, यांचा जन्म १९१० साली इंदुरात झाला. त्यांच्या फास्टर फेणेला कोण ओळखत नाही? फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल पिटाळतो आणि नसत्या भानगडींत सापडून त्यांतून सहीसलामत सुटतो. त्याच्यावर दूरदर्शनची मालिका निघाली आणि २०१७ साली चित्रपटही आला. पण फेणेची पुस्तके १९७० नंतरच्या दशकात येऊ लागली तेव्हा भागवतांनी साठी ओलांडली होती, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. त्याआधी त्यांनी ‘बालमित्र’ मासिक चालविले होते, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या होत्या आणि मुलांना काय वाचावेसे वाटते याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. वाचकाला नायक एकाएकी भेटतो. लेखकाला तो फार उशिरा सापडतो.

ज्या व्हर्नला भागवतांनी मराठीत आणले, त्याची वाटही सरळ नव्हती. पोटासाठी तो पॅरिसच्या शेअरबाजारात काम करी आणि पहाटे उठून लिही. बलूनमधून पाच आठवड्यांच्या प्रवासाची त्याची पहिली कादंबरी हेत्झेल या प्रकाशकाने १८६३ साली छापली, तेव्हा तो पस्तिशीत होता. पुस्तक गाजले. तरीही विसाव्या शतकातल्या पॅरिसविषयीचे त्याचे हस्तलिखित त्याच हेत्झेलने परत केले. ते छापून निघाले १९९४ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर एकोणनव्वद वर्षांनी! एक पुस्तक छापले गेले म्हणून दुसऱ्याची वाट मोकळी होत नाही, हे नव्या लेखकाने यावरून समजून घ्यावे.

हे सारे आज सांगण्याचे कारण म्हणजे आमची एक विद्यार्थिनी. नाव सांगत नाही. तिलाही ते आवडणार नाही. आमची शाळा सरकारी आणि हिंदी माध्यमाची. तथापि शाळेच्या हस्तलिखित वार्षिकात चार पाने आम्ही मराठीसाठी राखून ठेवीत असू. त्या चार पानांतील दीड पान ही मुलगी एकटीच भरून काढी. आज ती सव्वीस वर्षांची आहे. बँकेत नोकरी करते, पहाटे पाच ते सात लिहिते आणि मग डबा घेऊन कामावर जाते. अशा चार वर्षांच्या पहाटांतून तिची कुमार कादंबरी पुरी झाली. कथानक साधेच आहे. मल्हारगंजातला चौदा वर्षांचा मुलगा, त्याचे विसराळू आजोबा आणि रंगपंचमीची गेर. टोरी कॉर्नरच्या त्या गुलालात आजोबांचा हात सुटतो आणि राजवाड्यापर्यंतच्या गर्दीत मुलगा त्यांना शोधत फिरतो. शोधता शोधता आजोबा कोण होते, हे त्याला प्रथमच उमगते.

हस्तलिखित तिने महाराष्ट्रातील एका प्रकाशकाकडे धाडले. आठ महिन्यांनी उत्तर आले. गोष्ट आवडली होती. पण भाषा हिंदी वळणाची आहे, ती प्रमाण मराठीत करावी आणि जमल्यास मल्हारगंजाऐवजी पुण्यातली एखादी पेठ घालावी, म्हणजे पुस्तक खपेल, असा सल्ला होता. दुसऱ्या एका प्रकाशकाने भाषेबद्दल चकार शब्द काढला नाही. मात्र तीनशे प्रती लेखिकेनेच विकत घ्याव्यात, अशी अट घातली. पोर दोन्ही पत्रे घेऊन आमच्याकडे आली. “सर, पेठ घालू का? की मग हिंदीतच लिहू?” एवढेच तिने विचारले.

प्रश्न दोन शब्दांचा होता, पण महाराष्ट्राबाहेरच्या सगळ्या मराठी घरांचा होता. आपली मुले घरात मराठी बोलतात ती कोणती? “आजोबा कुठे जाऊन राहिले?” असे आमच्या गल्लीतला मुलगा विचारतो. त्याच्या तोंडी पुण्याचे वाक्य घातले तर व्याकरण सुधारेल; पण तो मुलगा आमच्या गल्लीतला राहणार नाही.

आम्ही तिला प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ वाचावयास दिले. संत हे भूशास्त्राचे प्राध्यापक. १९६०च्या दशकात काही कथा लिहून ते दीर्घ काळ गप्प राहिले आणि १९९४ साली मौजेने त्यांचे हे पहिले पुस्तक काढले, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. ती कादंबरी नव्हे, एकमेकींत गुंफलेल्या कथा आहेत; पण लंपन हा मुलगा त्यांतून कादंबरीच्या नायकासारखाच वाढतो. तो राहतो कर्नाटकाच्या सीमेवर आणि त्याच्या भोवतालच्या मराठीला कानडीचा सूर आहे. तो सूर कोणी पुसला नाही. उलट त्याच सुरासाठी पुण्यामुंबईच्या वाचकांनी लंपनला घरचा मानला. कानडीच्या शेजारची मराठी गोड लागते, तर हिंदीच्या शेजारची का लागू नये?

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे शिक्षकाने आपले काम अर्धवट सोडणे झाले असते. पात्रांची बोली ही एक गोष्ट आणि लेखिकेचा निष्काळजीपणा ही दुसरी. निवेदनात तिने एके ठिकाणी ‘त्याला चांगले लागले’ असे लिहिले होते. मराठीत मनाला बरे वाटते. लागते ते जेवण, नाहीतर दार. अशा जागा आम्ही पेन्सिलीने खुणावल्या. तिच्या आजीने तर चष्मा सावरून अख्खे हस्तलिखित दोनदा वाचले आणि आमच्या नजरेतून सुटलेली बारा वाक्ये काढून दिली. सल्ला आम्ही दिला तो असा, की नायकाचे बोलणे अक्षरही बदलू नये. निवेदन मात्र असे घासूनपुसून लिहावे की बोली ही लेखिकेने जाणूनबुजून वापरली आहे, याची वाचकाला खात्री पटावी. मल्हारगंज जागचा हलू नये.

त्याप्रमाणे तिने सहा महिने पुनर्लेखन केले. हस्तलिखित आता तिसऱ्या प्रकाशकाकडे आहे. तेथून होकार येईल की नकार, हे आज सांगता येत नाही. ती मात्र दुसरी कादंबरी लिहावयास बसली आहे, आणि आमच्या मते लेखक होण्याची खूण तीच.

आता वाचकहो, थोडे आपल्याविषयी. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. त्यांचा अभिमान आपण बाळगतो आणि तो योग्यच आहे. पण मंडप उतरल्यावर भाषा राहते ती घरात, आणि घरातही मुलांच्या तोंडी. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघत आहे. ते, किंवा मुलांसाठीचे दुसरे कोणतेही मराठी मासिक, आपल्यापैकी किती घरांत येते? मुलाने मराठीत चार ओळी लिहून आणल्या तर आपण आधी त्याचे ऱ्हस्वदीर्घ तपासतो की गोष्ट पुढे काय झाली ते विचारतो?

व्हर्नला हेत्झेलसारखा प्रकाशक भेटला, पण हेत्झेलला मुलांसाठी मासिक काढता आले ते घरोघरी वर्गणीदार होते म्हणून. प्रकाशकाने पेठ मागितली, यात त्याला तरी किती दोष द्यावा? पेठेत ग्राहक आहे, असे तो समजून चालतो. मल्हारगंजात, ग्वाल्हेरला, बडोद्याला, नागपूरपलीकडच्या रायपूरला ग्राहक आहे, हे त्याला कोणी कळविलेलेच नाही. ते पत्र आपणच लिहावयाचे आहे, आणि ते पुस्तक विकत घेऊनच लिहिता येते.