आभाळातल्या पाण्याचा दावा

परभणीहून जिंतूरकडे जाताना झरी हे गाव लागते. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो अनावर पाऊस कोसळला, त्यानंतर आम्ही तेथे एका आप्तांकडे गेलो होतो. रानात उभे सोयाबीन काळे पडले होते. आबा आमच्याहून वीस वर्षांनी वडील, बांधावर उभे राहून म्हणाले, “शेजाऱ्यानं बांध फोडून आपल्या रानात पाणी सोडलं, तर आपण त्याच्यावर दावा लावतो. हे पाणी कुणी सोडलं, सांगा बरं, प्रोफेसर!”

आबांनी थट्टा केली खरी. परंतु तोच प्रश्न जर्मनीतील न्यायालयांपुढे दहा वर्षे चालला होता. पेरू देशातील एका शेतकऱ्याच्या गावावर वितळत्या हिमनदीचे सरोवर फुगत चालले होते. त्याने 2015 साली आरडब्ल्यूई या वीजकंपनीवर दावा लावला : जगाच्या धुरात तुमचा जो अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाटा, तेवढाच खर्च द्या. 2025 च्या मे महिन्यात हॅम येथील न्यायालयाने तो फेटाळला, कारण त्याच्या घरास पुराचा धोका पुरेसा नजीक ठरला नाही. तथापि शेजाऱ्याच्या उपद्रवाचा कायदा समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यासही लागू पडू शकतो, हे तत्त्व त्या न्यायालयाने मान्य केले.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील 16 राज्यांच्या मुख्य कायदा-अधिकाऱ्यांनी केंद्र सरकारास सुचविले, की 2005 च्या कायद्याने बंदुका करणाऱ्यांस जशी दाव्यांपासून ढाल मिळाली, तशी ती इंधनाच्या कंपन्यांसही द्यावी. त्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. कोळसा कंपन्यांनी काढला, पण वीज जाळली ती आम्हीच. हे लिहिताना डोक्यावर फिरणारा पंखा आमच्याविरुद्ध साक्ष देईल. परंतु पेरूचा तो शेतकरी हरला, तो त्याचे म्हणणे ऐकले गेल्यावर. न्यायाधीश व तज्ज्ञ त्याच्या गावी जाऊन डोंगर पाहून आले होते. साक्षीपुराव्यापूर्वीच विधिमंडळाने निकाल देऊन टाकावा, हे आम्हांस पटत नाही.

आपल्याकडील 2010 च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याचा हेतू निराळा, न्याय लवकर मिळावा हा. तरी त्यातही भरपाईचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो, आणि न्यायाधिकरणाच्या कक्षेतील बाबींत दिवाणी न्यायालयाचे दार बंद असते. हे ऐकून आबा हसले.

“मग मोजायचं कुठल्या सालापासून? 2015 ला पाण्यावाचून परळीचं वीज केंद्र बंद पडलं, तेव्हापासून? का त्याच्याही आधीपासून?”

आम्ही निरुत्तर झालो. घरी आल्यावर त्यांनी पंचनाम्याची प्रत आमच्या हाती दिली. नुकसानीच्या कारणापुढे एकच शब्द लिहिला होता : अतिवृष्टी. आबांनी चष्मा पुसून तो पुन्हा एकदा वाचला, आणि कागद घडी करून सातबाऱ्याच्या उताऱ्यात ठेवून दिला.